हिरवं पाणी

मनमाडकराने समुद्रावर लिहायचं म्हणजे आगाऊपणाच. आमच्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येणार, ही खरी चर्चा! पण २०२० च्या नोव्हेंबरात जुहूच्या लाटा रात्री निळ्या चमकल्या, तेव्हा भाच्याने फोटो पाठवून विचारलं, "मामा, हे काय आहे?" झालं, मी वाचत सुटलो.

नॉक्टिल्युका. मिलिमीटरभराचा एकपेशीय जीव. दिसतो सुंदर, पण माजला की पाण्यात अमोनिया साठतो, मासे दूर जातात नाहीतर मरतात. हे दुखणं जुनंच. मलबार-कॅनरा किनाऱ्यावर पावसाळ्यानंतर मासे का मरतात, यावर मद्रासच्या मत्स्य खात्यातल्या जेम्स हॉर्नेलने १९१७ सालीच लिहिलं आणि एका सूक्ष्मजीवावर बोट ठेवलं. १९५० मध्ये भीमाचार आणि जॉर्ज यांनी मासेमारी अचानक बसण्याचा संशय 'लाल पाण्या'वर घेतला.

पण २००० नंतर वेगळंच घडलं. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात डायटम नावाचं शेवाळ वाढायचं, मासळीची साखळी त्यावर उभी. त्याची जागा हिरव्या नॉक्टिल्युकाने घेतली. हिरवा, कारण त्याच्या पोटात दुसरं शेवाळ राहतं. भाडेकरूच म्हणा, भाडं अन्नाच्या रूपात देणारा! शिवाय हा स्वतः शिकारही करतो, म्हणजे दोन्हीकडून जेवण.

कारणावरून मात्र वाद. हेल्गा गोम्स, जोआकिम गोएस यांनी २०१४ मध्ये कमी ऑक्सिजनच्या पाण्याकडे बोट दाखवलं. पुढे काही भारतीय संशोधकांनी ते नाकारलं: वरच्या पाण्यात ऑक्सिजन भरपूर आहे, कमी पडतंय ते डायटमला लागणारं सिलिकेट. २०२० मध्ये गोएस यांनी हिमालयातला घटता बर्फ पुढे आणला. थंड, कोरड्या वाऱ्याने समुद्राचं वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, खालचं पोषण वर येतं. वारा उबदार, दमट झाला की ही घुसळण मंदावते. मला हे जास्त पटतं. कदाचित डिसेंबरच्या पहाटे मनमाडच्या फलाटावर ईशान्येच्या वाऱ्याने कान बधिर करून घेतल्यामुळे असेल :)

असो. भाच्याला सगळं कळवलं, तर त्याचा प्रश्न, "मग पापलेट खायचं ना?" खा बाबा, नॉक्टिल्युका माणसाला बाधणारं विष तयार करत नाही. काही दुसऱ्या शेवाळांचं विष मात्र शिंपल्यांत साठतं, आणि ते शिजवूनही जात नाही. तेव्हा तिसऱ्या आणताना कोळीणमावशीला विचारून आण.