तळटीप : दाढेतली चांदी
‘दाढेत चांदी भरून घेतली’ : ही निव्वळ चांदी नव्हे. चांदी, कथील, तांबे यांची भुकटी पाऱ्यात घोटून केलेले हे मिश्रण. त्यात वजनाने साधारण निम्मा पाराच. लेखक सांगतात त्या काळी दंतवैद्य ते छोट्या खलबत्त्यात घोटत आणि जादा पारा फडक्यातून पिळून काढत, तेही बहुधा उघड्या हातांनी. गोळा काही मिनिटेच मऊ राहतो. तेवढ्यात ठासून बसवायचा. तो दाताला चिकटत नाही, म्हणून पोकळी तोंडाशी अरुंद नि आत रुंद कोरावी लागते. त्यात थोडा निरोगी दातही खर्ची पडतो. भुकटीत जस्त असेल आणि भरताना लाळ लागली, तर हायड्रोजन वायू सुटून भरण फुगते. काही दिवसांनी दाढ ठणकू लागते. लेखकांनी आपल्या ठणक्याचा दोष पाऱ्याच्या ‘विषा’ला दिला आहे, आमचा संशय लाळेवर. पाऱ्याची वाफ भरणातून सुटते खरी, पण अत्यल्प. चावण्याचा भार मात्र ते वर्षानुवर्षे सोसते. पाऱ्याविषयीच्या २०१३ च्या मिनामाता करारात त्याचा वापर कमी करण्याचे ठरले. आता दाताच्याच रंगाचे, निळ्या प्रकाशाने कडक होणारे कॉम्पोझिट सर्रास भरतात. — संपा.