आडुतुरै ते 'कमला'

तंजावरास जाणारा मराठी मनुष्य सरस्वती महाल आणि बृहदीश्वराच्या मंदिरातील भोसल्यांचा शिलालेख पाहून परततो. या प्रांताचा दुसरा इतिहास मात्र कावेरीकाठच्या भातखाचरांत घडला आहे.

१९६० साली सघन शेती योजनेसाठी तंजावर जिल्हा निवडला गेला. पुढे १९६५ च्या सुमारास आडुतुरैच्या संशोधन केंद्राने जपानी 'नोरिन १०' आणि कोइमतुरचे 'जीईबी २४' यांच्या संकरातून 'एडीटी २७' हे वाण दिले. सुमारे १०५ दिवसांत हाती येणारे हे भात कुरुवै हंगामात झपाट्याने पसरले. कणग्या भरल्या, परंतु वाटणीचा प्रश्न तसाच राहिला. शेतमजुरांच्या मजुरीवाढीच्या तंट्यातून २५ डिसेंबर १९६८ रोजी त्याच जिल्ह्यातील कीळवेण्मणी गावी बायकामुलांसह ४४ दलित जाळले गेले.

४ मे २०२५ रोजी जनुकसंपादित 'कमला' भाताची घोषणा झाली. हैदराबादच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेने बाहेरचे जनुक न आणता 'सांबा मसूरी'च्याच एका जनुकात नेमका फेरफार केला. या 'सांबा मसूरी'च्या वंशातही तेच 'जीईबी २४' आहे. 'कमला' १५ ते २० दिवस आधी पिकते. तिची शिफारस तमिळनाडूसाठीही आहे. मेत्तूर धरणाच्या पाण्याकडे डोळे लावून बसणाऱ्या गावांना तेवढे दिवसही मोलाचे होत.

उत्पन्न वाढविणे शास्त्रज्ञाच्या हाती आहे. ते कोणाच्या घरी जावे, हे बियाणे ठरवीत नाही. कारभार पाहणाऱ्या आपणांस कीळवेण्मणीने शिकविलेला धडा हाच होय.