पोटात साठणारी उष्णता

पेण तालुक्यात धरमतरच्या खाडीकाठी बार्जमधून दगडी कोळसा उतरतो. डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी तो लागतो. कोळशाचा मोठा ढीग फार दिवस तसाच पडू देऊ नये, ही या धंद्यातील जुनी शिकवण आहे. हवेतील ऑक्सिजनशी कोळशाचा संयोग सावकाश चालूच असतो व त्यातून थोडी थोडी उष्णता निघते. लहान ढिगातून ती निघून जाते. मोठ्या ढिगाच्या पोटात मात्र ती साठत जाते आणि काडी न लावताही ढीग पेटू शकतो.

रशियन रसायनशास्त्रज्ञ निकोलाय सेम्योनोव्ह यांनी १९२८ साली या घटनेचे गणित मांडले. तापमान वाढले की रासायनिक क्रियेचा वेग पटीपटीने वाढतो. बाहेर जाणारी उष्णता मात्र आतल्या व बाहेरच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणातच वाढते. त्यामुळे एका मर्यादेनंतर आवक जावकीला मागे टाकते आणि तापमान आपोआप चढत जाते.

दडलेल्या उष्णतेशी झुंजणे किती कठीण असते, हे ही खाडी ज्या मुंबई बंदराला मिळते तेथेच दिसले. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज उभे होते. त्यात कराचीला चढवलेल्या सुमारे ८,७०० कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा होता. धोक्याच्या मालाची खूण असलेला लाल बावटा जहाजावर नव्हता. दुपारी धूर दिसला. अग्निशामक दलाने ९०० टनांहून अधिक पाणी आत सोडले, पण दाट धुरामुळे आगीचे मूळ सापडेना. दाबलेल्या गाठींतील हवेवर कापूस धुमसत राहिला. वरचे पाणी उकळू लागले. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला आणि ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा स्फोट झाला. शेकडो माणसे दगावली. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

आज असाच धोका लहान आकारात आपल्या घरी आला आहे. मोबाईल व विजेवरची स्कूटर ज्या लिथियम-आयन बॅटरीवर चालतात, तिच्यात धनाग्र व ऋणाग्र यांच्यामध्ये प्लास्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो आणि भोवती ज्वलनशील द्रव. मार बसून, जादा चार्ज होऊन किंवा घडणीतील दोषामुळे आत शॉर्टसर्किट झाले की घट तापतो. सुमारे १३० अंश सेल्सिअसला पडदा वितळू लागतो. कोबाल्टयुक्त धनाग्र त्याहून अधिक तापले की स्वतःच ऑक्सिजन सोडते. मग सेम्योनोव्हचे गणित सुरू होते आणि एका घटाची उष्णता शेजारच्या घटाला पेटवते.

हा धोका संशोधकांना आरंभापासून ठाऊक होता. शुद्ध लिथियम धातूच्या बॅटऱ्या पेट घेत म्हणून जपानचे अकिरा योशिनो यांनी धातूऐवजी कार्बनचे ऋणाग्र वापरले. १९८६ साली त्यांनी बॅटरीवर लोखंडाचे वजन टाकून पाहिले. धातूची बॅटरी भडकली, नवी भडकली नाही. १९९१ साली ती बाजारात आली. २०१९ साली योशिनो, गुडइनफ व व्हिटिंगहॅम यांना नोबेल पारितोषिक मिळाले. धोका कमी झाला, पण संपला नाही.

मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विजेवरची स्कूटर पेटली. त्याच वर्षी सप्टेंबरात वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला आणि भाजलेला सात वर्षांचा मुलगा पुढे दगावला. त्यानंतर वाहनांच्या बॅटऱ्यांचे 'एआयएस-१५६' हे मानक डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत कडक झाले.

शिक्षकांसाठी मुद्दा असा. इंधन, उष्णता व ऑक्सिजन हा त्रिकोण आपण वर्गात शिकवतो आणि वाळू टाकून किंवा घोंगडी झाकून आग विझते असे सांगतो. लिथियम-आयन बॅटरीच्या बाबतीत ही शिकवण अपुरी पडते. झाकल्याने आतली उष्णता जात नाही; उलट अडते. येथे त्रिकोणाची उष्णतेची बाजूच तोडावी लागते, म्हणजे भरपूर पाणी मारून बराच वेळ थंड करावे लागते. विझल्यासारखी वाटणारी बॅटरी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पुन्हा पेटते. तिचा धूरही विषारी असतो. म्हणून हे काम अग्निशामक दलाचे. आपण सर्वांना बाहेर काढावे आणि १०१ किंवा ११२ ला फोन करताना बॅटरीची आग आहे हे स्पष्ट सांगावे. 'फोर्ट स्टिकीन'वर काय भरले आहे, हे वेळेवर कळणे किती मोलाचे होते ते आपण पाहिलेच.

बाकीची काळजी साधी आहे. स्कूटरची बॅटरी रात्री झोपलेले असताना किंवा घराच्या एकुलत्या दाराशी चार्ज करू नये. तिचाच चार्जर वापरावा. फुगलेली, आदळलेली बॅटरी वापरू नये. खाडीकाठच्या गावांत भरतीचे पाणी शिरते. खाऱ्या पाण्यात बुडालेली बॅटरी सुकली तरी आत शॉर्टसर्किट होऊ शकते. ती घरापासून दूर ठेवून तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी.

१४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. त्या आठवड्यात विद्यार्थ्यांनी आपापल्या घरी बॅटरी कोठे चार्ज होते आणि तिच्यापासून बाहेरचे दार कोणत्या बाजूला आहे, याचा आराखडा काढून वर्गात आणावा.