मॅरेथॉन शर्यत : अंतर, ऋतू आणि भूमी

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. पहाटे फिरावयास निघालो असता नंदनवनात, जगनाडे चौकाच्या अलीकडे, पदव्युत्तर वर्गातील एक विद्यार्थी धावत येताना भेटला. थांबून म्हणाला, “सर, रविवारी मॅरेथॉन आहे.” मी विचारले, “किती अंतराची?” तो म्हणाला, “पाच किलोमीटरची, सर.” उत्तरात त्याला विसंगत असे काही वाटले नाही, आणि त्याचा दोषही नव्हता. आपल्या शहरांत ‘मॅरेथॉन’ हा शब्द आता कोणत्याही सामुदायिक धावण्यास लावला जातो. परंतु भाषेच्या अभ्यासकास असा शब्द ऐकून पुढे जाणे कठीण असते. ज्या शब्दाचा एकेकाळी नेमका मापनीय अर्थ होता, त्याचे माप सुटले की त्या मापाने नोंदलेला इतिहासही धूसर होतो. प्रस्तुत लेखात या शर्यतीच्या तीन अटींचा, म्हणजे अंतर, ऋतू आणि भूमी यांचा, ऐतिहासिक दृष्टीने विचार करावयाचा आहे.

प्रथम मराठीतील शब्द पाहू. ‘धावणे’ संस्कृत ‘धाव्’ धातूपासून आले. ‘पळणे’ याचा संबंध ‘पलाय्’शी, म्हणजे भयाने दूर जाण्याशी आहे. वऱ्हाडी-नागपुरी बोलींत ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून तेथे ‘पळते’चे ‘पयते’ ऐकू येते. मराठेशाहीच्या कागदपत्रांत ‘दौड’ हा शब्द मुख्यतः घोडदळाच्या वेगवान चालीस लावलेला आढळतो. ‘शर्यत’ मात्र या तिहींहून निराळा शब्द आहे. त्याचा संबंध अरबी ‘शर्त’शी असून मूळ अर्थ अट किंवा करार असा आहे. अट, अटीवर लावलेली पैज, आणि पैजेसाठी केलेली चढाओढ असा हा अर्थप्रवास दिसतो. नुसते धावणे म्हणजे शर्यत नव्हे. ठरलेल्या अटींवर धावणे म्हणजे शर्यत, ही जाणीव मराठी शब्दातच साठवलेली आहे.

मॅरेथॉन शर्यतीची कल्पना एका भाषाशास्त्रज्ञाची होती, हे आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनाही क्वचितच ठाऊक असते. पॅरिस येथील कोलेज द फ्रान्समधील तौलनिक व्याकरणाचे प्राध्यापक मिशेल ब्रेआल यांनी १८९४ मध्ये कूबेर्तँ यांना सुचविले की, नव्या ऑलिंपिक सामन्यांत मॅरेथॉन ते अथेन्स अशी धाव ठेवावी. विजेत्यास चषक देण्याचेही त्यांनी मान्य केले. संस्कृतापासून प्रारंभ होणारे बॉपचे तौलनिक व्याकरण फ्रेंचमध्ये आणणारे आणि १८८३ मध्ये अर्थविचाराच्या शास्त्राला ‘सेमांतिक’ हे नाव देणारे ब्रेआल ते हेच. शब्दांचे अर्थ कसे पालटतात याचे शास्त्र ज्याने उभारले, त्यानेच जगाला असा एक शब्द दिला की ज्याचा अर्थ पुढे सतत पालटत राहिला. येथे एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य आहे. ‘मॅरेथॉन’ आणि ‘मराठी’ यांतील ध्वनिसाम्य निव्वळ योगायोगाचे होय. पहिला शब्द बडीशेपेच्या ग्रीक नावावरून पडलेल्या स्थलनामाचा, तर दुसरा ‘महाराष्ट्री’पासून आलेला आहे.

ज्या कथेवर ही शर्यत उभारली ती कथाही एकसंध नाही. हिरोडोटसने सांगितलेला दूत साहाय्य मागण्यासाठी अथेन्सहून स्पार्टास गेला आणि दुसऱ्या दिवशी तेथे पोहोचला. मॅरेथॉनच्या रणभूमीवरून विजयवार्ता आणून प्राण सोडणारा दूत प्लूटार्क आणि ल्यूशन यांच्या लेखनात, म्हणजे कित्येक शतकांनंतर, अवतरतो. त्याच्या नावाविषयीही त्यांच्यात एकमत नाही. तेव्हा शर्यतीचे अंतर प्राचीन परंपरेने ठरले असे म्हणता येत नाही. १८९६ मध्ये स्पिरिडॉन लुईस सुमारे ४० किलोमीटर धावला. १९०८ मध्ये लंडन येथे विंडसर किल्ल्यापासून क्रीडांगणातील राजासनापर्यंत मार्ग आखल्यामुळे ते २६ मैल ३८५ यार्ड, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर झाले, आणि १९२१ मध्ये हेच अंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने कायम केले. एका राजवाड्याच्या सोयीने पडलेले माप असले, तरी एकदा ठरल्यावर ते जगाचे माप झाले. मापाचे महत्त्व त्याच्या उगमाच्या भव्यतेवर अवलंबून नसते. सर्वांनी ते सारखेच पाळण्यावर असते.

दुसरी अट ऋतूची. ती नियमांत लिहिलेली नाही, पण शरीर ती पाळावयास लावते. साठ किलो वजनाचा मनुष्य मॅरेथॉनचे अंतर धावला, तर सुमारे २,५०० किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते आणि तिचा तीन-चतुर्थांशाच्या आसपास भाग उष्णतेत जातो. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. ही सारी उष्णता केवळ घामाने बाहेर टाकावयाची म्हटली, तर तीन लिटरांहून अधिक घाम वाळावा लागेल. हवा थंड असेल तर ती पुष्कळशी उष्णता स्वतःच शोषून घेते. हवा उष्ण व दमट असेल तर घाम वाळतही नाही, नुसता गळतो. सेंट लुई येथे १९०४ मध्ये ऑगस्टच्या उन्हात, धुळीच्या चढउतारांवरून ३२ जण निघाले व १४ जणच पोहोचले. १९१२ मध्ये स्टॉकहोमच्या जुलैत पोर्तुगालचा फ्रान्सिस्कू लाझारू उष्म्याने कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मृत्यू पावला.

याच्या उलट उदाहरण १९२० सालच्या अँटवर्पचे आहे, आणि ते आपल्या अगदी जवळचे आहे. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणारे शेतकऱ्यांचे मुलगे सर दोराबजी टाटा यांनी पाहिले, आणि त्यांची गुणवत्ता जगापुढे यावी असे त्यांना वाटले. त्यांच्या पुढाकाराने हिंदुस्थानचा संघ अँटवर्पला गेला. मॅरेथॉनसाठी दोघे उतरले : बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. दातार यांची शर्यत पूर्ण होऊ शकली नाही. चौगुले एकोणिसावे आले. त्यांच्या नावाकडेही लक्ष द्यावे. ‘अप्पा’ हे कन्नड अंत्यपद, आणि ‘चौगुला’ हा पाटलाच्या हाताखालील गावकामगाराचा हुद्दा. दोन भाषांची सीमा ज्या भूमीतून जाते, तिचा इतिहास त्या एका नावात उतरला आहे.

चौगुले यांची वेळ २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद अशी नोंदलेली आहे. ही वेळ आजच्या शर्यतींच्या वेळांशेजारी ठेवणारे एक गोष्ट विसरतात. अँटवर्पचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते, म्हणजे आजच्या प्रमाणापेक्षा ५५५ मीटर अधिक. दर किलोमीटरास त्यांना किंचित कमी चार मिनिटे लागली. त्याच गतीने प्रमाणित अंतराचा हिशेब केल्यास वेळ सुमारे २ तास ४८ मिनिटे ३२ सेकंद येते. हा केवळ गणिती अंदाज आहे, विक्रम नव्हे. परंतु या माणसाच्या खात्यावर सव्वादोन मिनिटांचे ऋण उगाच मांडले गेले आहे, एवढे त्यातून सिद्ध होते. विजेता हानेस कोलेहमाइनेन हा २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत आला. महिना ऑगस्टच होता, पण हवा थंड व पावसाळी होती. अंतर आणि ऋतू या दोन्ही अटी सांगितल्याविना कोणतीही वेळ ‘जलद’ किंवा ‘मंद’ म्हणणे इतिहासाच्या दृष्टीने निरर्थक आहे.

तिसरी अट भूमीची. मार्ग उतरता असेल तर पायांपेक्षा गुरुत्वाकर्षणच अधिक धावते. म्हणून विक्रमासाठी दोन बंधने घातलेली आहेत : आरंभ व शेवट यांतील सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून अधिक नसावे, आणि एकूण उतार दर किलोमीटरास सरासरी एक मीटरपेक्षा जास्त नसावा. २०११ मध्ये बोस्टन येथे जेफ्री मुताई २ तास ३ मिनिटे २ सेकंदांत धावला. त्यावेळच्या जागतिक विक्रमापेक्षा ही वेळ सुमारे एक मिनिटाने कमी होती. तथापि बोस्टनचा मार्ग एका दिशेने जाणारा व उतरता असल्याने तिला विक्रमाचा मान मिळाला नाही. उलट बर्लिन आणि शिकागो ही सपाट शहरे शरद ऋतूतील शर्यतींमुळे विक्रमभूमी ठरली. केल्विन किप्टुमची २ तास ३५ सेकंद ही वेळ ८ ऑक्टोबर २०२३ रोजी शिकागोतच नोंदली गेली. आपल्याकडे पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये व मुंबईची २००४ मध्ये सुरू झाली. मुंबईत जानेवारीतही समुद्राचा दमटपणा सुटत नाही, आणि पेडर रोडचा चढ धावणाऱ्यांच्या स्मरणातून जात नाही.

या तिन्ही अटी मनात ठेवून नागपूरकडे पाहावे. शहराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर आहे. पश्चिमेस सेमिनरी हिल्सचा उंचवटा आणि मध्यभागी सीताबर्डीची टेकडी सोडली, तर पूर्वेचा प्रदेश नाग नदीच्या प्रवाहाबरोबर हळूहळू पसरत जातो. नंदनवन याच सपाट भागात आहे. डिसेंबर-जानेवारीत येथील किमान तापमान सरासरीने १२-१३ अंशांच्या आसपास असते आणि हवा कोरडी असते. मात्र याच दिवसांत दुपारचा पारा २८ अंशांजवळ जातो, हे विसरता कामा नये. जो तीन तासांत अंतर संपवितो त्याला पहाट लाभते. ज्याला पाच तास लागतात त्याला तीच शर्यत उन्हात संपवावी लागते. मंद धावणाऱ्यास ऋतूची अट अधिक कठोर असते. म्हणून नंदनवनातून निघून नंदनवनातच परतणारा वर्तुळाकार मार्ग आखावयाचा झाला, तर आरंभ सूर्योदयाच्या पुष्कळ आधी हवा. वर्तुळाने भूमीची अट सांभाळली जाईल, वेळेने ऋतूची. उरते ती अंतराची.

आणि तेथेच पुन्हा शब्दाचा प्रश्न येतो. ‘मिनी मॅरेथॉन’, ‘महामॅरेथॉन’, ‘मॅरेथॉन बैठक’ हे प्रयोग आता रूढ आहेत. अर्थविस्तार हा भाषेचा स्वभाव आहे, आणि त्याला आज्ञापत्राने आवरता येत नाही, हे ब्रेआल यांच्या शास्त्राचाच पाठ घेतलेल्या मनुष्याने मान्य केले पाहिजे. तरीही लेखनात आणि विशेषतः इतिहासलेखनात आपण नेमकेपणा राखू शकतो. पाच किलोमीटरच्या उपक्रमास ‘धाव’ म्हणावे, एकवीस किलोमीटरच्या शर्यतीस ‘अर्धमॅरेथॉन’, आणि ‘मॅरेथॉन’ हे नाव ४२.१९५ किलोमीटरांसाठी राखावे. त्यात पाच किलोमीटर धावणाऱ्याचा कोणताही अवमान नाही. पहाटेच्या थंडीत उठून धावणारा प्रत्येकजण आदरास पात्र आहे.

तो विद्यार्थी रविवारी धावला आणि सोमवारी वर्गात आला. मी त्याला बेळगावच्या चौगुल्यांची हकीकत सांगितली. त्याने वहीच्या कोपऱ्यात ४२.७५ हा आकडा लिहून घेतला, आणि थोड्या वेळाने विचारले, “सर, म्हणजे ते मॅरेथॉनहूनही जास्त धावले?” मी म्हणालो, “होय.”