मुलूख जिंकला, राज्य कधी बसले?

पेशवाई बुडाली, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती बुडाल्यावर या धारवाड प्रांतात नवे राज्य बसायला किती काळ लागला, हा प्रश्न मात्र क्वचितच आपल्या मनात येतो.

मुलूख जिंकण्याचे काम झटपट उरकले. थॉमस मन्रोने १८१७ च्या अखेरीस धारवाडहून हालचाल सुरू केली. कवायती फौज थोडी असल्याने त्याने इथलेच शिपाई जमवले आणि मे १८१८ पर्यंत हुबळी, बदामी, बेळगाव व सोलापूर घेतले. ११ फेब्रुवारी १८१८ च्या जाहीरनाम्यात एल्फिन्स्टनने वतने व इनामे चालवण्याचे अभय दिले होते. पाटील-कुलकर्णी जागेवर राहिले, दप्तरही मोडीतच चालले. इराकमध्ये २००३ साली जुने लष्करच बरखास्त करून अमेरिकेने जो अनर्थ ओढवून घेतला, तो इथे टळला.

तरीही राज्य बसले नाही. कारण अडचण वारसाची होती. १८२४ मध्ये कित्तूरचे देसाई शिवलिंगरुद्र सर्ज निपुत्रिक वारले आणि कंपनीने दत्तक नाकारला. २३ ऑक्टोबरला धारवाडचा कलेक्टर थॅकरे कित्तूरच्या किल्ल्यापाशी मारला गेला. राणी चन्नम्मांचा १८२९ मध्ये कैदेत अंत झाला. संगोळ्ळी रायण्णाने सरकारी कचेऱ्यांना आग लावली. १८३१ मध्ये तो नंदगडला फाशी गेला.

यातून सरकारने बोध घेतला नाही. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन सनदा तपासू लागले आणि १८१८ चे अभय पोकळ ठरले. नरगुंदच्या भास्करराव भाव्यांनाही दत्तक नाकारण्यात आला. मे १८५८ मध्ये पोलिटिकल एजंट मॅन्सन सुरेबानजवळ मारला गेला. १२ जून रोजी बेळगावात भावे फाशी गेले. कित्तूरचे घराणे कानडी, नरगुंदचे मराठी. दुखणे एकच होते.

अखेर १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या. विजयानंतर चव्वेचाळीस वर्षांनी राज्यकर्त्यांना उमगले, की वसुली तलवारीच्या धाकाने होते, राज्य मात्र दिलेल्या शब्दावर उभे राहते.

आपली कित्येक घराणी त्या कचेऱ्यांत लेखणी चालवून या भूमीत स्थिरावली. नरगुंदचा अभिमान आपण आवर्जून बाळगतो. पण रायण्णाने पेटवलेल्या दप्तरांत आपल्याही पूर्वजांचे अक्षर असेल, हेही स्मरले, तरच हा इतिहास पुरतेपणी आपला होईल.