गच्चीवरचं विमान आणि एक भोक

कांदिवलीत, चारकोपला, कॅप्टन अमोल यादवांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान तयार केलं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते बघितलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणीही झाली. पेपरवाल्यांना गच्चीचं कौतुक. मला मात्र भोकांचं! नुसत्या ड्रिलने पाडलेलं भोक क्वचितच अगदी गोल असतं. म्हणून ३/१६ इंची बोल्टसाठी आधी किंचित लहान ड्रिल, मग रीमर. तो उलटा फिरवायचा नाही, धार जाते... आमच्या नगरच्या एमआयडीसीतला कुठलाही फिटर हे सांगेल. भोक सैल राहिलं तर बोल्ट हलतो, भोक लांबट होतं, तडा जातो. आम्ही सॉफ्टवेअरवाले नंतर पॅच मारतो. इथे एकच इलाज, मोठं भोक आणि जाड बोल्ट. तोही कडेला पुरेसा पत्रा उरला असेल तरच.