बहात्तर गावांची मुखत्यारी

1948 पूर्वी पंढरपूरच्या माणसाला परक्या राज्यात जायला फारसे चालावे लागत नसे. पंढरपूर इंग्रजी मुलखात. मंगळवेढे सांगलीकर पटवर्धनांचे. आणि पलीकडची आटपाडी औंधच्या पंतप्रतिनिधींची.

औंध म्हणजे अवघी बहात्तर गावे, तीही विखुरलेली. पण 1939 साली राजेसाहेब भवानरावांनी गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना दिली आणि आपली सत्ता आपण होऊन प्रजेच्या हाती ठेवली. प्रत्येक गावाने पंच निवडायचे, पंचायतींतून तालुक्याची समिती बनायची, आणि वसुलाचा सुमारे निम्मा वाटा गावातच खर्चायचा. विहीर आधी की शाळा आधी, हे पंचांनी ठरवावे. एवढी मुखत्यारी शेजारच्या इंग्रजी जिल्ह्यातल्या पाटलाला स्वप्नातही नव्हती!

पण इंग्रज निघाल्यावर एवढ्याशा राज्याचे पुढे काय? जुलै 1946 मध्ये दक्षिणेतले संस्थानिक पुण्यात गांधीजींना भेटले. संघ करायचा तर तो राजांचा नको, प्रजेचा हवा, असा गांधीजींचा रोख होता. 1947 मध्ये आठ संस्थानांनी संघाचा करार केलाही. पण तो पाळण्यातच राहिला. 8 मार्च 1948 रोजी ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. 1951 साली युरोपात सहा देशांनी कोळसा-पोलादाचा संघ केला. त्यांत चिमुकले लक्झेंबर्ग होते. त्याने काही अधिकार सोडले, पण सभासदाची खुर्ची राखली. पुढे युरोपीय आयोगाचे तीन अध्यक्ष त्या देशाने दिले. औंधला खुर्ची उरली नाही. विलीनीकरण अटळ होते, हे मला मान्य आहे. मोठ्या राज्याची तिजोरी आणि सर्वांना सारखा मताधिकार ही कमाई लहान नव्हे. पण पंचांच्या हातचा निम्मा वसूल गेला, आणि विहिरीचा निर्णय मुंबईच्या कागदांत शिरला. आटपाडी आज सांगली जिल्ह्यात आहे; औंधचेच गुणदाळ 1956 पासून कर्नाटकात.

माणसांचे मात्र निराळे झाले. राजपुत्र अप्पासाहेब पंत 1948 मध्येच स्वतंत्र भारताचे प्रतिनिधी म्हणून पूर्व आफ्रिकेत गेले. बहात्तर गावांत घडलेला कारभारी, बोलू लागला तो साऱ्या देशाच्या वतीने.

आणि आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर, औंधने कैद्यांसाठी वसवलेली बिनभिंतीची वसाहत? ती मोठ्या सरकारने मोडली नाही, चालू ठेवली. शांतारामबापूंच्या 1957 च्या ‘दो आँखें बारह हाथ’मागची प्रेरणा हीच वसाहत. चित्रपट देशभर पाहिला गेला. औंधचे नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक.